आम्ही घाटावरचे : एका हिणवणीच्या नावाची हकिकत



दिंडीला शंभर वर्षं पूर्ण झाली म्हणून हा स्मरणग्रंथ निघतो आहे. त्यात विणेकऱ्यांची नावं आली, मृदंगवाल्यांची आली, राहुट्यांचा आणि अन्नदानाचा हिशेब आला. हे सगळं यायलाच पाहिजे. पण एक नाव असं आहे, की ते या शंभर वर्षांत दिंडीतल्या जवळजवळ प्रत्येक घराने ऐकलं आणि कुठल्याच वहीत कोणी लिहून ठेवलं नाही. ते नाव म्हणजे 'घाटी'.

मुंबईला गेलेल्या आमच्या आजा-पणजांनी ते गिरणीच्या दारात ऐकलं, गोदीत ऐकलं. आयाबायांनी दुसऱ्याच्या घरची भांडी घासताना ऐकलं. आज नातवंडं कॉलेजात ऐकतात. कोणी ते हसण्यावारी नेलं, कोणी हातघाईवर आलं, आणि कोणी गावाचं नाव सांगणंच सोडून दिलं. हे तिसरं आम्हाला जास्त लागतं. चारचौघांत गाव लपवणाऱ्या माणसाला पुढे दिंडीत यायलाही लाज वाटू लागते. म्हणून या शब्दाची हकिकत एकदा नीट मांडावी, असं आम्हा मंडळींच्या मनात आलं.

शब्द कुठला, मुलूख कुठला

आमचा मुलूख म्हणजे सातारा जिल्ह्याची पश्चिम बाजू. पाटण, जावळी, महाबळेश्वर, कोयनेचं खोरं. पाऊस उदंड, पण जमीन थोडी आणि तीही उताराची. वरकस जमिनीत नाचणी, वरी, खाचरात भात. पिकलेलं दाणं वर्षभर पुरायचं नाही. पोटासाठी बाहेर पडावं लागे, आणि बाहेर पडायचं म्हणजे घाट उतरायचा.

मराठीत घाट म्हणजे डोंगरातून जाणारी वाट. सह्याद्रीची भिंत उत्तर-दक्षिण उभी आहे. तिच्या पश्चिमेला तळकोकण, पूर्वेला देश. मधे जिथे जिथे माणसाला आणि बैलाला वर-खाली करता आलं तिथे घाट झाला. उत्तरेला थळघाट, माळशेज, नाणेघाट, मधे बोरघाट, आमच्या अंगाला वरंधा, कुंभार्ली, दक्षिणेला आंबा. या वाटांनी वरून येणाऱ्या माणसाला खालची माणसं घाटी म्हणू लागली. डोंगरातला तो डोंगरी, तसा घाटावरचा तो घाटी. मुळात एवढाच अर्थ. त्यात शिवी नव्हती, दिशा होती. आम्हीही खालच्याला कोकण्या म्हणतच होतो, आणि तेही काही प्रेमानेच म्हणत होतो असं नाही.

गोव्यातही हा शब्द आहे, तिथे तो नाकातून निघतो : घांटी. सह्याद्री ओलांडून आलेला, मग तो मराठी बोलणारा असो की कानडी, गोव्याच्या लेखी घांटीच. म्हणजे शब्द जातीचा नाही, भाषेचा नाही. तुम्ही डोंगराच्या कुठल्या अंगाला जन्मलात, तेवढंच तो सांगतो.

आणि हा शब्द कमीपणाचा वाटावा, असं घाटाच्या इतिहासात काही नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा शिलालेख आहे. दोन हजार वर्षांमागचा. तिथेच दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून लोक तो दाखवतात. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांचा माल या वाटेने वर जुन्नर-पैठणकडे जायचा. आमच्या कुंभार्लीच्या वाटेने चिपळूणचं मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची आणि वरून गूळ, मिरची, ज्वारी खाली जायची. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून तांडे चालायचे. कोकणच्या चुलीवरच्या कालवणात मिरची घाटाची आणि आमच्या भाकरीत मीठ कोकणाचं. एकमेकांवाचून दोघांचंही भागत नव्हतं.

आपल्या तुकोबारायांची गोष्टही इथे आठवते. घरात दुष्काळ, व्यापार बुडालेला, अशा वेळी महाराज मिरच्या घेऊन कोकणात विकायला उतरले होते आणि त्यांच्या भोळेपणाचा लोकांनी फायदा घेतला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. कीर्तनात ती आपण ऐकतो. देहूचा वाणी गोण्या घेऊन घाट उतरला तेव्हा खालच्या बाजारात त्याला कोणी जगद्गुरू म्हणून ओळखलं नसणार. त्यांच्या दृष्टीने वरून आलेला एक साधाभोळा माणूस, ज्याला फसवता येतं.

आगगाडी, गिरणी आणि गोदी

शब्दाला शिवीचा वास लागला तो मुंबईत. त्याला कारण माणसाचा स्वभाव जितका, तितकीच कामाची वाटणी.

बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता झाला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि १८६३ मध्ये बोरघाटाची चढण रुळांखाली आली. तो लोहमार्ग फोडताना हजारो मजूर मेले. पटकीने मेले, सुरुंगाने मेले, कड्यावरून पडून मेले. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. आज गाडी बोगद्यात शिरते तेव्हा पोरं आरोळी ठोकतात. त्यांना एवढं सांगायला हवं, की हा डोंगर माणसांनी हातांनी फोडला आहे.

१८५६ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी म्हणजे गिरणगावच झालं. कोकणातली माणसं आधी आली. बोटीची सोय होती, वाट जवळची. मागून घाटावरची आली : सातारा, पुणे, कोल्हापूर, नगर, नाशिककडची. मागून येणाऱ्याच्या वाट्याला जे उरतं ते आलं. थोडं लिहिता-वाचता येणारा आधी आलेला माणूस साच्यावर, कचेरीत, छापखान्यात लागला. घाटावरून आलेल्या गड्याकडे काय, तर अंगातली ताकद. तो गोदीत हमाल झाला, बाजारात पाठीवर गोण्या घेऊ लागला, हातगाडी ओढू लागला. त्याची बायको चार घरची धुणी-भांडी करू लागली. मग हमाल म्हटला की घाटी आणि भांडीवाली म्हटली की घाटीण, असं समीकरण शहराच्या तोंडात बसलं. डोंगराच्या दिशेचं नाव ओझ्याला चिकटलं. ओझं हलकं मानलं गेलं, म्हणून नावही हलकं झालं.

बोलीनेही माणूस ओळखू यायचा. 'व्हय', 'न्हाई', 'आलोया', 'गेलोया' एवढं तोंडातून निघालं की पलीकडचा हसायचा. डोक्याचा पटका, पायातली कर्र कर्र वाजणारी वहाण, बाईचं नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू, डब्यातली भाकरी आणि ठेचा, सगळंच घाटी. पोरं शाळेत जाऊन पहिली गोष्ट काय शिकली असतील, तर घरचं बोलणं दाराबाहेर न न्यायचं. ती वेदना मोठी असते, माउली. आईशी एक भाषा आणि वर्गात दुसरी. आई भेटायला शाळेच्या फाटकाशी आली तर पोरगं मान खाली घालतं. अशी पोरं आपल्या घरोघरी होऊन गेली.

पुढे मजा अशी झाली, की मुंबईत देशोदेशीची माणसं वाढली आणि त्यांना कोकण कुठलं, घाट कुठला, काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मराठी बोलणाऱ्या सगळ्यांनाच घाटी म्हणायला सुरुवात केली. कालपर्यंत जो आम्हाला घाटी म्हणत होता, तो राजापूरचा, सावंतवाडीचा गडीही घाटी ठरला. तेव्हा कुठे दोघांच्या ध्यानात आलं, की आपली बाजू एकच आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगावातले कोकणी आणि घाटी खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरले, शंभरावर माणसं हुतात्मा झाली, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. मोर्चात तू घाटाखालचा की वरचा, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

खोलीतली पंढरी

या माणसांना मुंबईत कोणी धरून ठेवलं असेल, तर गावकीच्या खोलीने आणि विठोबाने. दहा बाय बाराच्या खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसं राहायची. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा. भिंतीवर पेट्यांची रांग, आणि त्या रांगेच्या वर विठ्ठल-रुक्मिणीची तसबीर. एकादशीला भजन. चाळीच्या गॅलरीत टाळ-मृदंग. गावच्या सप्त्याची वर्गणी त्या खोलीत गोळा व्हायची, आषाढीला कोणी जायचं आणि कोणी बदली द्यायची, हेही तिथेच ठरायचं. आपल्या दिंडीचा खर्च कितीतरी वर्षं त्या खोल्यांतून आला आहे. पखवाजाला शाई, विण्याच्या तारा, राहुटीचं कापड, यातलं बरंचसं हमालाच्या मजुरीतलं आहे, हे विसरून चालणार नाही.

त्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायकांनी केली. बहुतेक गावाकडच्याच; कोणी विधवा, कोणाचा नवरा आजारी, कोणाचा कामावरून काढलेला. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या. सावकाराच्या व्याजात त्या पिचत होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. ज्यांना शहर घाटीण म्हणत होतं त्यांच्या हाताच्या भाकरीवर शहराचे कारखाने चालत होते.

डबेवाल्यांचंही तेच. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या घाटमाथ्याच्या पट्ट्यातली ही माणसं. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, आणि बहुतेक सगळे वारकरी. आळंदीला त्यांची धर्मशाळा आहे. २००३ मध्ये इंग्लंडचे राजपुत्र चार्ल्स मुंबईत आले तेव्हा ते मुद्दाम डबेवाल्यांना भेटले, आणि २००५ मध्ये आपल्या लग्नाला त्यांनी दोन डबेवाल्यांना बोलावणं पाठवलं. शहरातल्या ज्या जिन्यांवर त्यांना 'ए घाट्या, बाजूला हो' ऐकावं लागलं, त्याच शहराने मग वर्तमानपत्रात त्यांचे फोटो कौतुकाने पाहिले. मान मिळाला ही आनंदाची गोष्ट. पण डबा वेळेवर पोचवण्याची त्यांची निष्ठा राजपुत्र येण्याआधीही तेवढीच होती.

माथा आणि माथाडी

हमालीला पूर्वी धड मजुरी नव्हती, सुट्टी नव्हती, म्हातारपणाला आधार नव्हता. टोळीचा मुकादम देईल ते घ्यायचं. गोणी अंगावर पडून कंबर मोडली, तर गावाला परत.

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील हे याच वाटेने मुंबईला गेलेले. १९३३ चा जन्म. दारूखान्यात त्यांनी स्वतः ओझी उचलली. विखुरलेले हमाल त्यांनी एकत्र केले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. मंडळं स्थापन झाली. नोंदणी, ठरलेली मजुरी, भविष्य निर्वाह निधी, रजा, दवाखाना या गोष्टी ओझं वाहणाऱ्याच्या वाट्याला पहिल्यांदा आल्या. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. हमाल म्हणताना ज्या तोंडाला सवय होती ती माथाडी कामगार म्हणताना थोडी अडखळली, कारण या नावामागे आता कायदा उभा होता.

हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. हिणवणाऱ्याचं तोंड भाषणाने बंद होत नाही. घाटी या शब्दातला विखार कमी झाला असेल, तर त्याचं बरंचसं श्रेय घाटी माणसाच्या हातात नियमाने आलेल्या पगाराला आणि त्या पगारावर शिकलेल्या त्याच्या पोरांना आहे. बाजार पुढे वाशीला गेला, माथाडी नवी मुंबईत राहायला गेले, पोरं शिक्षक झाली, नर्स झाल्या, पोलिसात गेली.

वाईट दिवसही आले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या पुन्हा नीट उघडल्याच नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये अण्णासाहेबही गेले. गावाकडे येणाऱ्या मनिऑर्डरी थांबल्या, पेट्या-वळकट्या घेऊन माणसं घाट चढून परत आली. मुंबईने ज्यांना घाटी म्हणून हाक मारली होती त्यांना शेवटी घाटच जवळचा ठरला. त्या दोन-तीन वर्षांत कित्येक घरांनी वारी मात्र सोडली नाही. पैसा नव्हता, पण पायी जायला तिकीट लागत नाही.

पाणीसुद्धा घाट उतरलं

या हकिकतीत माणसांबरोबर पाण्याचंही नाव घ्यावं लागेल. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मावळातलं पाणी टाटांनी अडवलं आणि घाटाखाली सोडलं. १९१५ मध्ये खोपोलीची वीज सुरू झाली. मुळशीच्या शेतकऱ्यांची जमीन धरणात जाऊ लागली तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापट त्यांच्याबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले. धरण झालंच.

पुढे आमची कोयना अडली. कोयना कृष्णेची लेक, तिचं पाणी पूर्वेला कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाला जायचं. ते डोंगरातल्या बोगद्यातून पश्चिमेला वळवलं आणि पोफळीला खाली पाडलं. १९६२ मध्ये तिथली वीज सुरू झाली आणि महाराष्ट्र उजळला. शिवसागराच्या पोटात गावंच्या गावं गेली. माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूरकडे पांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, कोयनानगर कोसळलं. उठून गेलेल्या गावांतली काही माणसं आजही आषाढीला आपल्या दिंडीत येतात. त्यांचं गाव पाण्यात आहे. दिंडी हेच त्यांचं गाव.

तेव्हा घाटी म्हणणाऱ्याच्या घरातला दिवा घाटाच्या पाण्यावर लागत होता, हे खरं आहे. हे ऐकवून कोणाला खाली दाखवायचं नाही. पण आपल्या पोरांना ते ठाऊक असावं.

शब्द उलटतो

शब्दांचंही नशीब फिरतं. आज मुंबईच्या दुकानात 'घाटी मसाला' म्हणून पुडा मिळतो आणि माणसं आवडीने नेतात. जो ठेचा डब्यात लपवावा लागायचा, तो 'घाटी चटणी' म्हणून हॉटेलच्या ताटात मानाने येतो. लेझमीचा एक खास जोरकस प्रकार घाटी लेझीम म्हणून ओळखला जातो आणि मिरवणुकीत त्याला मागणी असते. छत्रपती संभाजीनगरात तर शासकीय रुग्णालयालाच सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणतो; गोरगरीब माणूस तिथे मोठ्या आशेने जातो. शब्द तोच, पण तिथे तो ऐकून कोणी मान खाली घालत नाही.

आपली तरुण पोरंही आता म्हणतात, 'होय, आम्ही घाटी.' ऐकून बरं वाटतं. लपवण्यापेक्षा हे हजारपट चांगलं. पण अभिमानालाही एक धोका असतो. आम्ही घाटी म्हणजे आम्हीच भारी, आणि बाकीचे कमी, असं झालं, तर शिवी फक्त एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली.

संतांची रीत

इथे आपली परंपरा वाट दाखवते. आपल्या संतांची नावं आठवा. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखा महार. जनाबाईंनी स्वतःला नामदेवांची दासी म्हणवून घेतलं. तुकोबांनी आपण कुणबी आहोत हे उघड सांगितलं आणि त्याबद्दल देवाचे उपकार मानले. ज्या नावाने जग कमी लेखत होतं ते नाव या मंडळींनी पुसलं नाही, लपवलं नाही. ते तसंच ठेवलं आणि त्याच्या शेजारी विठ्ठलाचं नाव ठेवलं. सावतोबांचा मळा अरणला होता. मळा सोडून ते संत झाले नाहीत, मळ्यातच झाले. काम हलकं नाही, हे त्यांनी जगून दाखवलं.

पण त्याच परंपरेत आणखी एक गोष्ट आहे, ती विसरता येत नाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, पायरीजवळ, बाहेर आहे. त्यांच्या जातभाईंना पंढरपूरच्या मंदिरात शिरायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. नाव गोड मानून भागत नाही. दारही उघडावं लागतं.

आज आपण ज्या शिस्तीने माउलींच्या पालखीबरोबर चालतो ती शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हे आपल्याच साताऱ्याकडच्या आरफळचे. शिंद्यांच्या लष्करातली नोकरी सोडून आळंदीला आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी दिंड्यांचा क्रम, मुक्काम, चाल हे सगळं बसवून दिलं. दिंडीत कोण पुढे, कोण मागे, ते क्रमाने ठरतं. प्रांताने किंवा पैशाने ठरत नाही. एक घाटावरचा माणूस एवढी मोठी व्यवस्था लावून गेला. ज्यांना घाटी म्हणजे अडाणी वाटतं, त्यांनी ही वारी एकदा पाहावी.

पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट लागतो. तुकोबांच्या पालखीला रोटी घाट लागतो. चढाला रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, टाळांचा वेग वाढतो, आणि पाच-सात तास डोंगराच्या वळणावळणावर माणसांची पांढरी रेघ हलत असते. त्यात मुंबईचा असतो, विदर्भाचा असतो, कर्नाटकातला असतो. कोकणातल्या दिंड्या तर आधी आमच्या कुंभार्लीसारखे घाट चढूनच पंढरीकडे येतात आणि वाटेतल्या गावांनी त्यांना पिठलं-भाकरी वाढलेली असते. घाट चढणारा तो घाटी, असा अर्थ घेतला तर त्या दिवशी सगळेच घाटी. पण चढावर दमलेल्या माणसाला पाणी देताना कोणी त्या नावाने हाक मारत नाही. तिथे हाक एकच : माउली, घ्या. लहान थोराच्या पाया पडतो, थोरही लहानाच्या पडतो.

पुढच्या शंभर वर्षांसाठी

या हकिकतीतून दिंडीकऱ्यांना आमची तीन मागणी आहेत.

एक, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. कोण कोणत्या गिरणीत होतं, कोणत्या धक्क्यावर ओझी उचलली, खोली कुठे होती, भजनाला कोण बसायचं. ही माणसं गेली की हा इतिहास गेला. सरकारी कागदात तो सापडणार नाही.

दोन, पोरांना घरची बोली बोलू द्या. प्रमाण भाषा शाळा शिकवील, ती यायलाच हवी. पण 'व्हय' म्हटलं म्हणून आपणच पोराला टोकलं, तर बाहेरच्याला बोल लावायला तोंड कुठे उरतं?

तीन, आणि हे सगळ्यांत मोठं. आता आपल्या मुलखातही बाहेरून माणसं येतात. ऊसतोडीला बीडकडची येतात, वीटभट्टीवर येतात, बांधकामावर उत्तरेकडून येतात. घाट उतरताना आपला पणजा जसा वळकटी घेऊन निघाला होता, तशीच तीही निघाली आहेत. त्यांना गावात कोणत्या नावाने हाक मारली जाते, ते ज्याने त्याने आपापल्या वाडीपुरतं पाहावं. शंभर वर्षं ज्याने एका शब्दाचा चटका सोसला, त्याच्याएवढं दुसऱ्याचं दुखणं कोणाला कळणार? दिंडी गावातून निघते तेव्हा ऊसतोडीच्या कोप्यांवरची पोरंही रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहतात. त्यांच्या हातात टाळ द्यावा आणि त्यांना माउली म्हणावं.

घाटी हे नाव आमच्या डोंगराचं आहे, ते आम्ही टाकणार नाही. कोणी विचारलं कुठले, तर सरळ सांगू, घाटावरचे. चंद्रभागेलाही घाट आहेत. वाळवंटातून वर येताना त्याच पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तिथे चढणाऱ्याला गाव कोणी विचारत नाही. तो गुण पंढरपूरहून गावापर्यंत आणता आला, तर दिंडीची शंभर वर्षं सत्कारणी लागली असं आम्ही मानू.

रामकृष्ण हरी.